आधी गार, मग गाडी

चि. प्रतीक्षास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात फोनवर तू अॅथलेटिक ट्रेनरचं, म्हणजे मैदानावरच खेळाडूंच्या दुखापती सांभाळायचं काम शिकायचं म्हणालीस, तर मी तुला तोडून बोललो. फिजिओथेरपी शिकलीस, तर गावात दवाखाना टाक, खेळाडूंच्या मागं पिशवी घेऊन काय फिरतेस, असं म्हणालो. तू काही न बोलता फोन ठेवलास. ते मला लागून राहिलंय, म्हणून लिहायला बसलो.

शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटर मारतात. परवा सकाळचे नऊ वाजले तरी पळणं चालूच होतं. शेवटच्या फेरीत एक लेकरू झोकांड्या खात पळू लागलं अन् कोसळलं. अंग तव्यासारखं तापलेलं. नाव विचारलं तर भलतंच बरळायला लागलं. सगळे म्हणाले, गाडी काढा, कळंबला न्या. मला तुझं वाक्य आठवलं, ‘अण्णा, उष्माघातात आधी गार करायचं, मग हलवायचं.’ १०८ ला फोन लावायला सांगितलं आणि दोघातिघांनी उचलून त्याला जनावरांच्या हौदात गळ्यापर्यंत बसवलं. मी काखेत हात घालून धरलं, दुसरा तांब्यानं डोक्यावर पाणी ओतत राहिला. माझे हात बधिर झाले, पण सोडलं नाही. थोड्या वेळानं ते कुडकुडायला लागलं आणि आपलं नाव नीट सांगितलं. मग अॅम्ब्युलन्स आली. आता ते बरं आहे.

तू समजावलं होतंस, ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि माणूस बरळू लागला की एकेक मिनिट मोलाचं. मेंदू, मूत्रपिंड, यकृत, सगळ्यांना मार बसतो. त्या वेळी मी ‘हूं हूं’ करत ऐकलं होतं.

माझा गुडघा तुला ठाऊक आहे. खो-खोत खांबाला वळताना ‘कट्’ आवाज आला. कुणीतरी पाय ओढून बसवला, आंबेहळदीचा लेप लावला आणि महिन्याभरात मला पुन्हा पाटीवर बसवलं. दोष कुणाचा काढू? मैदानाच्या कडेला जाणकार माणूसच नव्हतं.

अॅथलेटिक ट्रेनर म्हणजे नुसता कसरत करून घेणारा, असं मी समजत होतो. तू पाठवलेला अमेरिकेतला प्रसंग पुन्हा वाचला. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅमलिन या खेळाडूचं हृदय बंद पडलं आणि संघाचे सहायक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तिथंच छाती दाबायला घेतली. पोरगा वाचला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९९० सालीच या कामाला आरोग्यसेवेचा पेशा म्हणून मान्यता दिलीय. शाळा, कॉलेजं, व्यावसायिक संघ तर आहेतच, पण सैन्यात, कारखान्यांत, नृत्याच्या संस्थांतही ही माणसं असतात. नाचणाऱ्याच्या घोट्यालाही कुणीतरी लागतंच की!

आपल्याकडं हे काम बहुतेक फिजिओच करतो. संभाजीनगरला ‘साई’चं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, कबड्डी-क्रिकेटच्या संघांना फिजिओ लागतात. पण मला दिसतात ती आपल्या गावची मैदानं. बीडच्या मांडव्यातून धावपटू अविनाश साबळे निघाला, धाराशिवातून खो-खोची सारिका काळे. त्यांच्यामागं पळणाऱ्या हजारो लेकरांना कोण बघतं?

तू तुझ्या मनासारखं शीक. पुढच्या फीची सोय मी सोयाबीनच्या पैशातून करतो, काळजी करू नको.

मुख्याध्यापकांशी बोललोय, पळणं आता साडेपाचला सुरू होतं आणि हौद रोज भरून ठेवतो. मे महिन्यात आलीस की पोरांना गार कसं करायचं ते एकदा हातानं करून दाखव. माझा गुडघाही बघ.

तुझे,
अण्णा