परातीतला बर्फ

नागपूर, १० फेब्रुवारी

चि. मनू,

तुम्ही तिघी स्कीवर निघणार म्हणून मी हिमस्खलनाचा विषय काढला, तर काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आठ दिवस झाले बर्फ पडून, आभाळ निळंशार आहे, काहून घाबरता?" मी गप्प बसलो. कूलरमध्ये पाणी ओतण्यात जन्म गेलेल्या माणसानं मनालीतल्या पोरीला बर्फ काय शिकवावा! पण रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो.

आता मला त्या निळ्या आभाळाचीच धास्ती वाटते. उघड्या, कडक थंडीच्या रात्री जमीन शून्याच्या आसपास असते आणि वरची हवा कितीतरी गार. मधल्या बर्फातून वाफ वर सरकते, तळाचे कण सुट्या साखरेसारखे होतात, एकमेकांना धरत नाहीत. मग वाऱ्यानं पलीकडच्या अंगाचा बर्फ उडवून आणून त्यावर थापला, की साखरेवर लादी तयार. त्यासाठी वरून काही पडावंच लागत नाही.

सकाळी आईच्या परातीत जुना टॉवेल अंथरला, बोटभर साखर पसरली, वर मैदा दाबून थापला आणि एका बाजूनं परात उचलत गेलो. पंचवीस अंशांपर्यंत काही नाही. पस्तिशीच्या आसपास मैद्याला वरच्या कडेला आडवी भेग गेली आणि अख्खा थर ओट्यावर! आई जे बोलली ते लिहीत नाही. डोंगरातही ३० ते ४५ अंशांचे उतारच जास्त घातकी. आणि गाडला जाणारा बहुतेकदा स्वतःच्या किंवा सोबत्याच्याच वजनानं तो थर सोडवतो.

तुम्ही तिघीही सराईत आहात, हे मला सांगू नकोस. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, २७ मृतदेह मिळाले. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली प्रशिक्षक!

पायाखाली बर्फ 'धप्प' करून बसला, किंवा स्कीपासून भेग पळत गेली, तर तिथूनच मागे फिर. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा पाहिल्याशिवाय निघू नका. संशयाच्या उतारावर एकेकीनं जा, बाकीच्यांनी नजर ठेवा. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकीकडे हवं, एकीकडे असून भागत नाही. पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते. मदतीला खालून येणाऱ्यांचे तेवढ्यात बूटही बांधून होत नाहीत.

संत्रा बर्फीच्या डब्यात तुझ्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवलाय. मधल्या भोकात दोरा ओवून खाली नट बांधलाय. सरळ कड उताराला समांतर धरायची; दोरा नव्वदवरून जितका सरकेल तितका उतार. फोनमध्ये ॲप आहे म्हणशील, पण थंडीत बॅटरी कशी बसते ते तूच सांगितलं होतंस. दोरा लाल घेतलाय, बर्फात दिसेल.

परात मीच घासली.

बाबा