बाजाराला जायचंय, सोबत हवी

सप्रेम नमस्कार.

सांगली शहरालगतच्या एका वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना आमचं मंडळ अधूनमधून गावात घेऊन येतं. सहल म्हणावी असं त्यात फारसं काही नसतं. कुणाला मंडईत जायचं असतं, कुणाला चष्म्याची काडी बसवून घ्यायची असते, कुणाला गणपती मंदिरात पाच मिनिटं टेकायचं असतं. पावसाळ्यात आश्रमातल्या टीव्हीसमोर एकच प्रश्न चालतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण त्यांतल्या कित्येकांनी तो पूल बरीच वर्षं डोळ्यांनी पाहिलेला नाही. हे बाहेर पडणं आता नियमित करायचं आहे. माणसं आणि पैसे दोन्ही अपुरे पडताहेत, म्हणून हे आवाहन.

आश्रमात हाल आहेत असं मुळीच नाही. जेवण वेळेवर मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात, कर्मचारी जीव लावतात. पण साबण कुठला आणायचा, भाजी कुठली करायची, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं. असं चार-सहा महिने गेले की माणूस विचारल्यावरही "तुम्हीच बघा" म्हणू लागतो. पायांचंही तेच. उतारवयात खाटेवर बसून राहिलं की पायांतली ताकद भराभर जाते, मग पडायची भीती वाटते, आणि भीतीपोटी आणखी बसणं होतं.

म्हणून आमचा नियम एकच: पिशवी आणि पैसे ज्याचे त्याच्या हातात. सोबतच्या माणसाने शेजारी उभं राहायचं. वांगी निवडायला वेळ लागतो, लागू द्या. सुटे पैसे मोजताना मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करतं, करू द्या. मागे एका आजींनी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी अशी काही घासाघीस केली की शेवटी दोघीही हसायला लागल्या. जुडी आश्रमाच्या स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशीच्या आमटीवर आजींचा हक्क राहिला. "द्या इकडे, मी देतो पैसे" म्हणत पुढे सरसावणारा कार्यकर्ता मनाने चांगलाच असतो, पण या कामात त्याने हात खिशात ठेवलेले बरे.

एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना तिकीट लागत नाही, ६५ ते ७५ पर्यंत निम्मं लागतं. तासगावच्या गणपतीला किंवा औदुंबरला जायचं तर पैशांची अडचण नाही, अडचण पायरीची आहे. ती उंच असते आणि गुडघे ऐकत नाहीत. खाली भक्कम लाकडी पाट ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार दिला की जमतं. वाहक घंटी मारायची घाई करत नाहीत, हा आमचा अनुभव. गावातल्या गावात मात्र रिक्षा किंवा बुटक्या पायरीची गाडीच करावी लागते आणि मुख्य खर्च तिथेच होतो.

नोव्हेंबरात काम वाढतं. पेन्शनरांचे हयातीचे दाखले असतात. हल्ली ते मोबाइलवरूनही होतात, पण ज्यांना बँकेत स्वतः जाऊन सही करायची आहे त्यांना आम्ही नेणार. तिथल्या बाकावर जुने सहकारी भेटतात, ते मोबाइलवर कसे भेटणार? ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, आणि आश्रमात नाटकवेडे काही कमी नाहीत. त्यांना दुपारचा प्रयोग हवा आणि कडेची, स्वच्छतागृहाजवळची खुर्ची हवी.

देणगीतून आधी दोन घडीच्या चाकाच्या खुर्च्या घ्यायच्या आहेत. साधी खुर्ची ६-७ हजारांपर्यंत मिळते. त्याशिवाय गाडीभाडं, काठ्यांची रबरी बुचं (झिजलेल्या बुचाची काठी फरशीवर हमखास घसरते) आणि छत्र्या. वस्तू दिल्यात तरी चालेल, पण जुनी, ब्रेक न लागणारी खुर्ची कृपया देऊ नका.

पैशांपेक्षा सकाळी तीन तास देणारी माणसं जास्त हवीत. ज्यांना विसरभोळेपणाचा आजार आहे त्यांच्यासोबत एकाला एक माणूस लागतोच. डॉक्टरांचा आणि घरच्यांचा होकार आम्ही घेतो, गोळ्यांच्या वेळा तुम्हाला लिहून देतो. केळी वाटतानाचे फोटो काढायला येणाऱ्यांना मात्र हात जोडून नमस्कार.

दुकानदारांकडे वेगळं मागणं आहे. दुकानात एक खुर्ची ठेवा, आणि कमोड असेल तर वापरू द्या. घाईची लागली तर कुठे जायचं, या एका धास्तीने कितीतरी जण बाहेर पडायला नको म्हणतात. कोण हो म्हणतं त्याची यादी आमच्याजवळ असली की रस्ता त्याप्रमाणे आखता येईल.

नावनोंदणी आणि देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत. पावती मागून घ्या. जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला जाईल. पहिल्यांदा येणाऱ्यांनी आधी एकदा आश्रमात येऊन ओळख करून घ्यावी. सोबत कोणाला न्यायचं, हे आजी-आजोबाच ठरवतील.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, सांगली