जुनी बॅटरी की धुळीने भरलेला पंखा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घेताना कोणती बॅटरी निवडावी, याविषयीचा कालच्या अंकातील लेख मी दोनदा वाचला. लेखकाने माहिती जमवण्यासाठी कष्ट घेतले आहेत, हे मान्य करते. पण निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीला ‘कालबाह्य’ ठरवून, डोळे झाकून लिथियम-आयन निवडण्याचा जो सल्ला त्यांनी दिला आहे, तो वाचून मला राहवले नाही. ‘तंत्रज्ञानच जुने’ हे शब्द मी माझ्या गाडीच्या बाबतीत ऐकले आहेत आणि ते खरे मानले असते तर खरा दोष मला कधीच कळला नसता.

लेखाचा सगळा डोलारा एक किलो बॅटरीत किती ऊर्जा मावते, या एकाच तक्त्यावर उभा आहे. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीला ही कसोटी लावणे योग्य आहे. जिला बाहेरून चार्ज करायचेच नसते, त्या साध्या हायब्रिडचे काम मात्र वेगळे असते. 1400 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीत सुमारे 54 वॅट-तास ऊर्जा असते. ब्रेक लावल्यावर ती सगळी मोटरमार्फत विजेच्या रूपात परत मिळाली, असे घटकाभर धरले तरी 1.3 किलोवॅट-तासांच्या बॅटरीचा तो जेमतेम चार टक्के भाग भरतो. पण गाडी सहा सेकंदांत थांबवली, तर तेवढ्या वेळात सरासरी 32 किलोवॅट इतक्या दराने वीज परत येऊ लागते आणि बॅटरीला जी पेलत नाही, ती ब्रेक तापण्यात वाया जाते. म्हणून हायब्रिडच्या बॅटरीविषयी पहिला प्रश्न विचारायचा, तो ती किती वेगाने वीज घेते आणि देते, हा. आणि तक्त्यात नेमका त्याचाच रकाना नाही.

2015 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या होत्या, तेव्हा तुलना तिथेच करता येते. निकेलच्या पॅकमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलच्या संचात, 168 सेल होते आणि वजन सुमारे 40 किलो. लिथियमच्या पॅकमध्ये 56 सेल आणि वजन सुमारे 25 किलो. एवढ्या मोठ्या गाडीत हा पंधरा किलोंचा फरक किती नगण्य आहे, ते वाचकांनीच पाहावे. लिथियमच्या त्या पॅकची साठवण तर निकेलपेक्षा कमी होती, सुमारे पाऊण किलोवॅट-तास, आणि तरीही त्यावर गाडी व्यवस्थित चालत होती. शून्याखालच्या तापमानात लिथियम-आयन सेल जोरात चार्ज केला, तर त्यातील ग्राफाइटवर धातुरूप लिथियम साचू लागते आणि सेल खराब होतो. अमेरिकेत 2019 सालच्या प्रियसच्या चारही चाके चालणाऱ्या आवृत्तीत थंडीचा विचार करून निकेलचीच बॅटरी बसवली गेली. 2021 मध्ये जपानमधील अ‍ॅक्वा या गाडीत बायपोलर रचनेची (एकाच पातळ पत्र्याच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण ध्रुव असलेली) नवी निकेल बॅटरी आली. अशा तंत्रज्ञानाला कालबाह्य म्हणणे मला पटत नाही.

आता माझ्या गाडीविषयी. सात वर्षे बिनतक्रार चाललेल्या माझ्या हायब्रिडमध्ये एके दिवशी बॅटरीचा इशारा देणारा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आले की हे तंत्रज्ञानच जुने आहे, त्याचे आयुष्य संपले, संपूर्ण पॅक बदला. पॅकमधील प्रत्येक मॉड्यूलचे, म्हणजे काही सेलच्या प्रत्येक गटाचे, व्होल्टेज मोजून दाखवा, अशी मी विनंती केली. ती मान्य झाली नाही. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने माझ्यासमोर पॅक उघडला. एकामागोमाग जोडलेल्या 28 मॉड्यूलपैकी मधल्या एकाचे व्होल्टेज इतरांपेक्षा सव्वा व्होल्टने कमी भरले, म्हणजेच त्यातील सहा सेलपैकी एक निकामी झाला होता. त्याने बॅटरी थंड ठेवणारा पंखा काढून माझ्या हातात दिला. त्याच्या पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. मागच्या आसनाशेजारच्या ज्या जाळीतून या पंख्याला हवा मिळते, तिच्यासमोर आम्ही वर्षानुवर्षे पिशव्या आणि चादरी ठेवत आलो होतो. हवा पोहोचत नव्हती आणि मधली मॉड्यूल्स सर्वांत जास्त तापत होती. सात वर्षांत गाडीचे इतके सर्व्हिसिंग झाले, पण तो पंखा कोणीही साफ केला नाही, आणि ती जाळी मोकळी ठेवा, असेही कोणी बजावले नाही. त्या जागी लिथियमची बॅटरी असती, तरी तिचेही आयुष्य त्या उष्णतेने कमीच झाले असते.

एकच मॉड्यूल बदलून गाडी चालू झाली, पण बाकीची मॉड्यूल्सही त्याच उष्णतेत जुनी झाली होती. नव्याचा आणि त्यांचा मेळ बसेना आणि काही महिन्यांनी पूर्ण पॅक बदलावाच लागला. हे मी लपवत नाही. माझा राग पॅक बदलावा लागला यावर नाही. कारण न शोधता बॅटरीच्या रसायनाला दोष देण्यात आला, यावर आहे. तोच दोष तुमच्या लेखाने हजारो वाचकांपुढे पुन्हा ठेवला, याचे मला मनापासून वाईट वाटले. बॅटरीच्या निवडीवर एवढा मोठा लेख, आणि त्यात ती थंड कशी ठेवली जाते, यावर एक वाक्यही नसावे?

बाहेरून चार्ज करता येणाऱ्या प्लग-इन हायब्रिडची बॅटरी अनेक पटींनी मोठी असते, कारण तिला केवळ विजेवर बरेच अंतर कापायचे असते. तिथे लिथियमच योग्य, याविषयी माझा वाद नाही. पण लेखात दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच वाक्यात बसवल्या आहेत, त्यामुळे साधी हायब्रिड घेणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवते. लेखात आणि तक्त्यातही बॅटरीची साठवण ‘किलोवॅट’मध्ये दिली आहे. किलोवॅट हे शक्तीचे एकक आहे, साठवण किलोवॅट-तासांत मोजतात. हायब्रिडच्या बाबतीत शक्ती आणि साठवण यांतील फरकावरच सगळी निवड अवलंबून असताना ही चूक छापखान्याची म्हणून सोडून देता येणार नाही. या एककाची दुरुस्ती येत्या अंकात ठळकपणे छापावी आणि तक्ता पुन्हा देताना त्यात प्रतिकिलो शक्तीचा रकाना घालावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक