ताई, त्या खराब प्रिंटबद्दल थँक्यू

प्रिय ताई,

हे पत्र खरं तर पाकिटात घालून चिपळूणला पाठवायला हवं होतं, पण तुमचं कसंय, फोनवर कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ब्लॉक कुठवर आलाय ते सांग" म्हणून विषयच बदलता. आणि पत्र पाठवलं असतं तर त्याच्या कोऱ्या बाजूवर शाई लावून बघितली असतीत, वाचलं असतंत की नाही देव जाणे. म्हणून चारचौघात लिहितोय. आता ऐकावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी पुण्यात अकाउंट्सचं काम करतो, चित्रकलेशी माझा संबंध इंटरमिजिएटला सी ग्रेड मिळाली तिथेच संपला होता. लॉकडाऊनमध्ये काहीतरी करायचं म्हणून लिनो शीट (कोरायला मऊ असते, तिच्यावर चित्र कोरलं की तो झाला ब्लॉक, त्याला शाई लावून कागदावर छाप घ्यायची) आणि पाच हत्यारांचा एक स्वस्तातला सेट मागवला आणि पहिल्याच आठवड्यात डाव्या अंगठ्याला तीन टाके घालून घेतले. ताई म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांनी आम्हा वेगवेगळ्या गावच्या अकरा जणांना एकत्र बांधलंय. वर्षातून दोनदा प्रत्येकाने एका ब्लॉकच्या बारा प्रिंट काढून त्यांच्याकडे पाठवायच्या, त्या गठ्ठे लावून प्रत्येकाला अकरांचा सेट परत पाठवतात, बारावी त्यांच्या लोखंडी पेटीत जाते. इथपर्यंत ठीक, असं बरेच लोक करतात. पण ताईंचा एक एक्स्ट्रा नियम आहे, की चांगल्या बारांबरोबर एक फसलेली प्रिंटही पाठवायची आणि तिच्या मागे पेन्सिलीने लिहायचं की ही का फसली.

मला आधी वाटलं हा काय शाळेतल्या बाईंचा प्रकार. त्याआधी मी एका क्लासला पैसे भरून गेलो होतो, तिथे सरांना विचारलं शाईत काय घालता, तर म्हणाले "ते हळूहळू कळेल". कोर्स संपला, कळलं नाही. आणि इथे तुम्ही सांगताय की आपली फजिती पाठीवर लिहून अकरा जणांना दाखवा!

पहिल्या वेळी मी काय केलं होतं आठवतंय ना? जुलै महिना, शनिवार पेठेतल्या एका प्रेसवाल्याने डब्याच्या तळाशी उरलेली काळी ऑफसेटची शाई दिली होती, तीच वापरली, दोन दिवस वाळवल्या, हाताला लागत नव्हती म्हणून एकावर एक ठेवून पाठवून दिल्या. तुमच्याकडे पोचेपर्यंत बाराच्या बारा एकमेकींना चिकटून पापडाची चवड झाली होती. मला वाटलं आता माझं नाव कटणार. तुमचा फोन आला आणि पहिलं वाक्य "अरे, शाई छान काळी आहे, कुठली?" मग चाळीस मिनिटं तुम्ही मला पावसाळ्यातलं वाळवणं समजावलंत. तेलाची शाई वरून वाळल्यासारखी वाटते पण आत ओली असते, दमट हवेत आठवडा-आठवडा लागतो, दोरीवर चिमट्याने लटकवायच्या, पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा, पाठवताना मध्ये बटर पेपर. आणि शाई कमी, अजून कमी, रोलर फिरवताना चर्र असा बारीक आवाज आला पाहिजे, पचपच आवाज आला म्हणजे जास्त झाली. तो चर्र आवाज तुम्ही तोंडाने काढून दाखवलात. अजूनही शाई लाटताना तोच ऐकू येतो.

आणि मग आठ दिवसांनी पाकीट आलं. आत तुमची स्वतःची प्रिंट, वाशिष्ठीच्या पुलाची, सुंदर, आणि खाली कोपऱ्यात कोरलेलं तुमचं नाव चक्क उलटं! मागे लिहिलेलं, "वीस वर्षं मुलांना शिकवून झाल्यावर केलेली चूक. ब्लॉकवर अक्षर उलटं कोरलं तर कागदावर सुलटं येतं, हे मी रोज सांगायचे." ताई, ती प्रिंट मी फ्रेम केलीये. चांगल्या सेटमधली एकही नाही केली, ही केली.

धार लावण्याबद्दल तर वेगळंच पत्र लिहायला पाहिजे. मी चिपळूणला आलो तेव्हा मला वाटलं आता लाकडावर कोरायला मिळणार, आणि तुम्ही सकाळी आठ ते साडेबारा निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, बसवलंत. व्ही पटाशी, गोल पटाशी, सुरी. गोल पटाशी मनगटातून फिरवत घासायची, नाहीतर मधे खड्डा पडतो. आतल्या बाजूला जो पातळ पापुद्रा उठतो तो पेन्सिलीवर पॉलिश पेपर गुंडाळून काढायचा, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर ब्रासो लावून उलट्या दिशेने ओढायची. शिवणीच्या लाकडाच्या तुकड्यावर रेषेला आडवं कोरून बघायचं, खाच चकचकीत आली तर धार लागली, पांढुरकी केसाळ आली तर परत निसण्यावर. मी म्हणलं ताई हे सगळं तुम्हाला कुठे शिकवलं, कॉलेजात? तर म्हणालात "छे, हे शेजारच्या मेस्त्रींचं. मी तीस वर्षं बोथट हत्याराने कोरत होते." आणि मग मेस्त्रींना हाक मारून बोलावलंत, त्यांनी माझी पटाशी डोळ्यासमोर धरून एकदाच बघितली आणि काही न बोलता निसण्याकडे बोट केलं.

टाके का पडले तेही तेव्हा समजलं. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते सटकतं, आणि आपला दुसरा हात नेमका पुढे असतो. तेव्हापासून दुसरा हात कायम पात्याच्या मागे, आणि ब्लॉक अडवायला टेबलाच्या कडेला पट्टी ठोकलेली फळी. टाके परत पडलेले नाहीत, टचवुड (आमच्याकडे तेवढं तरी नेहमी हाताशी असतं).

त्या संध्याकाळी लाइट गेले होते आणि तुम्ही जपानी चित्रकार ओंची कोशिरोंची गोष्ट सांगितलीत. मला तोवर जपानी प्रिंट म्हणजे होकुसाईची लाट, जी हल्ली मोबाइलच्या कव्हरवर पण असते. तुम्ही विचारलंत, लाटेच्या फेसाची ती बोटं लाकडात कोरली कुणी? होकुसाईने नाही. त्या काळात चित्र काढणारा वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसे घालणारा प्रकाशक वेगळा. नाव राहिलं एकाचं. मग विसाव्या शतकात तिथले काही चित्रकार म्हणाले की आम्हीच काढणार, आम्हीच कोरणार, आम्हीच छापणार. ओंची त्यातले मोठे. आणि मजा अशी की सगळं एकट्याने करायचं म्हणणारी हीच मंडळी १९३९ पासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ओंचींच्या तोक्योतल्या घरी जमायला लागली, एकमेकांची कामं बघायला. महायुद्धात कागद-शाईची मारामार असतानाही थांबली नाहीत, उलट १९४४ मध्ये प्रत्येकाची प्रिंट घालून एक संच काढला, १९५० पर्यंत असे सहा झाले. अंधारात तुम्ही म्हणालात, "एकट्याने करायचं ठरवलं ना, की मग विचारायला जास्त माणसं लागतात." मी ते वाक्य तेव्हाच मोबाइलमध्ये लिहून घेतलं, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

नंदलाल बोसांचे बापूजी पण तुम्हीच नीट बघायला शिकवलंत. दांडीयात्रेच्या वेळचं, १९३० सालचं लिनोकट, काठी घेऊन चालणारे गांधीजी, शाळेपासून शंभर वेळा बघितलेलं. तुम्ही विचारलंत यात कोरलंय काय? मी म्हणलं काळी रेघ. चूक! कोरलेल्या भागाला शाई लागत नाही, आणि तिथे रेघ पांढरी आहे, म्हणजे नंदलालांनी रेघच कोरलीये आणि काळं तसंच ठेवलंय. मी तोवर प्रत्येक काळ्या रेघेच्या दोन्ही बाजू कोरकोरून जीव काढत होतो. एका प्रश्नात माझं अर्धं काम कमी झालं.

पाण्याच्या रंगांचं प्रकरण मात्र आपण दोघांनी मिळून बिघडवलं हे मान्य करा. जपानी पद्धतीत रंगात भाताची पेस्ट घालतात, ती म्हणजे आपली खळच की, हे तुम्हाला सुचलं आणि तिथपर्यंत झकास जमलं. कागदाला तुरटी आणि सरस लावायचा तेही जमलं, त्या मिश्रणाला जपानीत 'दोसा' म्हणतात यावर माझी मुलगी अजून हसते. पण कागद ओलसर ठेवावा लागतो, आणि पुण्याच्या ऑगस्टात ओलसर कागदाला तीन दिवसांत बुरशी. तुम्ही म्हणालात फ्रीजमध्ये ठेव. ठेवला, इडलीच्या पिठाशेजारी. पुढचं घरातलं संभाषण इथे लिहीत नाही. आणि ते ब्लॉकवर ठेवलेल्या कागदाच्या पाठीवरून घासायचं बॅरेन, त्यावर तिकडे बांबूचं सालपट गुंडाळतात, तुम्ही कोकणचा अभिमान म्हणून सुपारीच्या झावळीचा तो रुंद भाग गुंडाळून पाठवलात, ज्याच्या हल्ली प्लेटा करतात. पहिल्याच फेऱ्यात कागद टरकला. मी भीतभीत कळवलं तर तुम्ही इतक्या खूश झालात, "लिही, लिही, मागे लिही, म्हणजे दुसरा कुणी करणार नाही." शेवटी भाताच्या पळीच्या पाठीनेच काम झालं.

मागच्या महिन्यात ऑफिसातली एक मुलगी विचारत होती की प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक घेते, पण दुसऱ्या ब्लॉकला रंग जागेवरून सरकतो, काय करू. मी तिला कागद दर वेळी त्याच जागी टेकवायला एक काटकोनी खाच आणि एक सरळ खाच कशी करायची ते दाखवलं, आणि बोलता बोलता लक्षात आलं की मी तुमच्याच आवाजात बोलतोय, मधेमधे "अगं घाई कसली" पण. घरी येऊन पेटीतली माझी सरकलेल्या रंगाची प्रिंट काढली, मागे सगळं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला नेऊन दिली.

असो. या वेळच्या बारा प्रिंट दोरीवर आहेत, विषय पर्वतीच्या पायऱ्या, वाळल्या की टाकतो पोस्टात, बटर पेपर घालून. तेरावी फसलेली पण आहे, यंदा चॉइस भरपूर होता. आणि ते सुपारीचं बॅरेन मागू नका, ते मी परत देणार नाहीये. मेस्त्रींना नमस्कार सांगा, आणि म्हणावं पटाशी आता आणून दाखवतो.

तुमचा,
पापडवाला
पुणे