कुठे झोपला होतास?

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते. लेबर रूममध्ये बाई कळा देत होती, म्हणून दोन मिनिटांत ठेवावा लागला. पण तू विचारलंस ते तेव्हापासून डोक्यात आहे. नीटच्या सराव परीक्षेत पुन्हा मार्क उतरले म्हणालीस, आणि मग हळूच विचारलंस, "आई, मला खरंच डॉक्टर व्हायचंय, की तुम्हाला दोघांना बरं वाटेल म्हणून मी लातूरला येऊन बसलेय?" आज सुट्टी आहे, बाबा गाडीवर गेलेत. निवांत लिहिते.

चोवीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काम करतेय. इतक्या वर्षांत कितीतरी एमओ, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, आले आणि बदलून गेले. मार्कांनी सगळेच हुशार. पण रात्री अडीच वाजता पेशंट बिघडला आणि जे दारातून आत आले की माझा जीव भांड्यात पडायचा, असे मोजकेच. त्यांच्यात काय होतं ते सांगते. ते तुला आवडतंय का, ते तुझं तू बघ.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तिसरीत असशील. आपण तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होतो. श्रावणातली पहाट, पाऊस धो धो. एका वाडीवरून बाईला डोलीत घालून आणलं. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. डॉक्टर रात्रभर जागे होते. काहीतरी बाधलं असेल म्हणाले, इंजेक्शन लिहिलं, सलाईन लिहिलं. मीच लावलं. ती मला म्हणाली, "बाई, डोळं उघडत न्हाईत." मी म्हटलं, जागरण झालंय, पड जरा. तासाभरात तिचा आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना, आणि मग श्वास. गाडी बोलावली होती, ती यायच्या आत गेली. नवरा दुपारी परत आला तेव्हा त्यानं सांगितलं, घरी जाऊन चटई उचलली तर खाली मण्यार होती.

मण्यारीचे दात बारीक असतात. रात्री, बहुतेक वेळा माणूस जमिनीवर झोपलेला असताना चावते. सूज येत नाही, फारसं दुखत नाही, खूण सापडेलच असं नाही. आधी पोट दुखतं. मग पापण्या जड होतात, गिळणं जातं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. ती बाई मला तिच्या तोंडानं रोगाचं नाव सांगत होती आणि मी तिला झोप म्हणाले. ते वाक्य मी अजून विसरले नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी इथे एक मुलगी आली, बंधपत्रावर. विदर्भातली, पंचविशीची. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की राज्याची एक वर्ष सेवा द्यावी लागते ना, त्यासाठी. जुलै महिना होता. पहाटे कातकरीवाडीतला बारा-तेरा वर्षांचा पोरगा आला. पोटातच दुखत होतं. माझ्या पोटात गोळा आला, पण मी काही बोलायच्या आत तिनं स्टूल ओढलं, त्याच्याजवळ बसली आणि विचारलं, "रात्री कुठे झोपला होतास?" तो म्हणाला, खाली. "आता मान न हलवता वर बघ." बुबुळं वर गेली, पापण्या गेल्या नाहीत.

तिनं ताबडतोब एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या लसीच्या, दहा व्हायल काढायला सांगितल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर तीच एक लस चालते. पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांना एकदा धरून बसलं की लसही ते पटकन सोडवू शकत नाही. श्वास तोवर आपण द्यायचा. १०८ मध्ये मी आणि ती आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत गेलो. माझे हात दुखायला लागले की ती घ्यायची, तिचे दुखले की मी. पुढे काही दिवस पोरगा व्हेंटिलेटरवर होता. आता बाजारात दिसतो, मला हात करतो.

नंतर मी तिला विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? ती म्हणाली, आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आली की आधी अंथरूण विचारा.

सोनू, डॉक्टरकी मला तिथे दिसते. त्या एका प्रश्नात.

आणि आपल्याच मुलखातलं उदाहरण तुला ठाऊक असायला हवं. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावसकर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. बिरवाडी म्हणजे महाडच्या शेजारी. लाल विंचू चावून तेव्हा कोकणात धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत होती. पेशंटला दरदरून घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस यायचा. बावसकर त्यांच्या खाटेशी बसून राहिले. दर थोड्या वेळानं नाडी, बीपी, घाम, हातापायांची ऊब, सगळं लिहून ठेवलं. १९८२ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनीबाईंनी प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी या पेशंटना द्यायला सुरुवात केली, १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. तीच गोळी आम्ही आजही देतो, आणि दिल्यावर पेशंटला उठून बसू देत नाही, कारण बीपी एकदम उतरतं. त्या गोळीनं वाचलेली मुलं मी माझ्या हातांनी आयांकडे दिलीत.

आता तुझ्या परीक्षेचं. ७२० मार्क, १८० प्रश्न, चुकला की एक मार्क वजा. ही चाळणी आहे आणि ती पार करावीच लागते, त्यात मी तुला खोटा दिलासा देणार नाही. बायोलॉजीचे ९० प्रश्न तुझ्या हातातले आहेत. एनसीईआरटीची दोन्ही पुस्तकं पुन्हा ओळ न ओळ वाच. फिजिक्सला घाबरून तू रात्री दोनपर्यंत बसतेस हे तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. ते बंद कर. न झोपलेला माणूस काय चुकतो ते मी पाहिलंय.

सरकारी सीट मिळाली तर साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग बंधपत्राचं वर्ष. पुढे एमडी केलंस तर आणखी तीन. तुझ्या वर्गातल्या मुली तेव्हा नोकरीला लागून चार-पाच वर्षं झालेली असतील, आणि तू रात्री वॉर्डात असशील. खासगी कॉलेजची फी आम्हा दोघांच्या पगारात बसत नाही. हे बाबांनी तुला सांगितलेलं नाही, पण तू सतरा पूर्ण केलीस, तुला माहीत हवं. यंदा नाही जमलं तर एक वर्ष पुन्हा बस, आम्ही निभावू. बीएएमएस किंवा नर्सिंग करायचं ठरवलंस तरी घरातून कोणी तोंड वाकडं करणार नाही. फक्त हरले म्हणून नर्सिंगला येऊ नकोस. हे कामही त्याच खाटेपाशी चालतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देऊ शकत नाही. एवढं सुचवते. परीक्षा झाली की मे महिन्यात घरी ये आणि आठ दिवस माझ्याबरोबर ओपीडीच्या बाकावर बस. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय. काही करायचं नाही. बाकावरची माणसं काय बोलतात ते ऐकायचं. घाम, पू, रडणारी पोरं, तीन तास ताटकळून चिडलेली म्हातारी, सगळं. आठव्या दिवशीही नववा दिवस हवासा वाटला, तर तू लातूरला आमच्यासाठी गेली नव्हतीस.

शनिवारी बाबा येतायत. नाचणीचे लाडू, आंबोशी आणि तुझा जाड स्वेटर पाठवते. परवा बोलता बोलता म्हणालीस की मेसचं जेवण जात नाही. मी ते घाईत ऐकून सोडून दिलं. कधीपासून जात नाही? सकाळी की रात्रीसुद्धा? मळमळतं का? पाळी वेळेवर आली? झोप किती तास लागते? बाबांना "बरी आहे" एवढंच सांगून पाठवू नकोस. रविवारी रात्री माझी ड्युटी नाही, तेव्हा फोन कर.

तुझी,
आई