रविवारचे सत्र : दवाखान्यातली माणसे नेमणे आणि सांभाळणे

सभासद डॉक्टर आणि प्रशिक्षणार्थी मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता चिपळूणला, नेहमीच्या सभागृहात सत्र आहे. फॅमिली मेडिसिनच्या सर्व प्रशिक्षणार्थींनी यायलाच हवे. औषधे आपण शिकतो, पण काउंटरवरच्या ताई आणि कंपाउंडर यांना कसे नेमायचे, सांभाळायचे, हे कोणी शिकवत नाही.

मुद्दे असे:

• नेमणूकपत्र. काम, वेळ, पगार, साप्ताहिक सुट्टी लेखी हवी.

• रजा. लावणीला आणि गणपतीत आपल्याकडे सगळ्यांनाच एकदम सुट्टी लागते. पाळ्या मे महिन्यातच ठरवाव्यात, म्हणजे ऐनवेळी कुणाला अडवावे लागत नाही. शेवटची एसटी चुकेल इतका वेळ तर कुणालाच थांबवू नये.

• गुप्तता. यावर जास्त वेळ देणार आहोत. लहान गावात एखाद्या मुलीचा रिपोर्ट बाजारात पोचला, की ते कुटुंब पुन्हा पायरी चढत नाही. पहिल्याच दिवशी काय सांगायचे, याचा सराव जोड्यांनी करू.

• लस. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही आपलीच जबाबदारी.

• लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे ताईंना आधीच सांगून ठेवा.

ज्येष्ठ सभासदांनी आपले नेमणूकपत्र व हजेरीपुस्तकाचा नमुना, नावे झाकून, आणावा. शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवा. जेवणाची सोय त्यावरून होईल.

– सचिव