कांदा, चप्पल आणि चमचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर ‘सहप्रवाशांच्या प्रसंगावधानाने तरुण बचावला’ ही बातमी वाचली. फोटोही पाहिला. फिट आलेला मुलगा फलाटावर उताणा, दोघांनी हातपाय दाबून धरलेले आणि तिसऱ्याने नाकाशी चप्पल लावलेली. चप्पल हुंगवताच ‘काही क्षणांत’ तो शांत झाला म्हणे. अहो, बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. चपलेच्या जागी आपला अंक धरला असता तरी थांबली असती.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून अपस्मार आहे. २००३ साली कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात तिला फिट आली. संध्याकाळची वेळ, भाजी निवडत-चिरत बसलेल्या बायका होत्याच, त्यामुळे कांद्याला तोटा नव्हता. एकीने अर्धा कांदा ठेचून तिच्या नाकावर दाबला. दुसरीने ‘दातखीळ बसलीय, जीभ गिळेल’ म्हणत जेवणाच्या डब्यातला स्टीलचा चमचा काढून तिच्या दातांत खुपसला. मी ‘नको, नको’ म्हणून ओरडत होते, तर दोघींनी मलाच मागे ओढलं. ‘ताई, तुम्ही घाबरलात, तुम्ही बसा बघू.’

जीभ कुणी गिळत नाही. ती खालून जोडलेली असते. पण जबडा त्या वेळी अडकित्त्यासारखा मिटतो. पुढचे दोन दात गेले. अंबरनाथला उतरलो तेव्हा तो चमचा माझ्याच मुठीत होता. दांड्यावर नाव कोरलेलं आहे, पण निम्मं झिजलंय, परत करणार कुणाला? अजून आमच्याच घरात आहे. बहीण त्याने चहात साखर घालते. ‘दोन दातांना पडलाय, टाकायचा कशाला?’ म्हणते.

त्या बायकांवर राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आपलं. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन. एवढ्याला किती जागा लागते? चप्पलवाल्या गृहस्थांचं गाव आणि नोकरी छापायला मिळालीच की.

शिवाय फिट म्हणजे पडून हातपाय झाडणं एवढंच नसतं, हेही कधीतरी छापा. बहिणीची सुरुवात तशी नव्हतीच. ती मध्येच एकटक बघत राहायची, ओठ चाटायची, फ्रॉकचं टोक चुरगाळत बसायची. मिनिटभराने काय झालं ते तिला आठवायचं नाही. शाळेत बाई ‘लक्ष कुठंय?’ म्हणून वर्गाबाहेर उभं करायच्या. घरात आजी मीठ-मोहऱ्या ओवाळायची. दोन वर्षं अशी गेली. मग एका डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘तेव्हा ही तोंड चावल्यासारखं करते का?’ तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नियमित गोळ्यांनी दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहिणीला गेल्या नऊ वर्षांत एकही आलेली नाही. गोळी मात्र एकही चुकवत नाही.

आता आणलाच आहे विषय तर, त्याच अंकात पान ७ वर ‘मिरगी मुळापासून घालवा’ ही जाहिरात कुणाच्या प्रसंगावधानाने छापली? औषधे आणि जादुई उपाय कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात अपस्मार आहे, म्हणजे तो बरा करण्याची जाहिरात करायलाच मनाई आहे. जाहिरात विभागाला ठाऊक नसेल, समजू शकते, सत्तर वर्षंच तर झालीत. अशाच एका पुडीच्या भरवशावर आमच्या वडिलांनी तिच्या गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. आठवड्याच्या आत एकामागून एक फिट येऊन ती आयसीयूत होती. वडील शेवटपर्यंत त्याबद्दल बोलले नाहीत, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही.

खुलासा छापणार असाल तर चपलेच्या फोटोएवढ्या जागेत आणि पान ३ वरच छापावा, ही विनंती. ‘वाचकांचे मनोगत’च्या तळाला नको.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, बदलापूर